गोळी किती खोल, कड किती घट्ट? काडतुसाच्या सुरक्षिततेचे शास्त्र

सत्तरी, सांगे, काणकोण किंवा धारबांदोडा या तालुक्यांतील डोंगरउतारावरच्या बागायतदाराच्या घरी बंदूक असणे ही नवलाची गोष्ट नाही. रानडुकरे, गवेरेडे आणि खेती यांच्यापासून काजू, केळी, नारळ आणि भात राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या बंदुका आहेत. शेजारच्या सिंधुदुर्गात हीच स्थिती आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांचा प्रश्न तर थेट तेलंगणातील मुधोळ, भैंसा या १९५६पर्यंत नांदेड जिल्ह्यात असलेल्या मराठी भाषक पट्ट्यापर्यंत सारखाच आहे. दुसऱ्या बाजूला शहरांत बँकांचे सुरक्षारक्षक, स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे परवानाधारक आणि नेमबाजीच्या सरावाला जाणारी तरुण मुले आहेत. या सर्वांच्या हातातील शस्त्रांविषयी पुष्कळ बोलले जाते; परंतु त्या शस्त्रात जे घातले जाते, त्या काडतुसाविषयी मात्र फारच थोडी माहिती लोकांपर्यंत पोहोचते.

वास्तविक पाहता बंदूक सुरक्षित की घातक, हे बऱ्याच अंशी काडतुसावरच ठरते. त्यातही दोन गोष्टी निर्णायक आहेत. पहिली, गोळी पुंगळीत किती खोल बसवली आहे. आणि दुसरी, पुंगळीची कड गोळीभोवती किती आवळली आहे. दोन्ही गोष्टी मिलिमीटरच्या अंशांत मोजल्या जातात. त्यांत एकसारखेपणा नसेल तर नेम चुकतोच. पण कधी कधी बंदुकीची नळीही फुटते. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी तरी हे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे.

शब्द पोर्तुगीज, कसब येथले

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘कार्तुश’वरून आला आणि ‘पिस्तूल’ हाही त्याच वाटेने आला, असे मानले जाते. मात्र बंदुका घडवण्याची कला पोर्तुगीजांनी येथे प्रथम आणली असे नव्हे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गोवा जिंकल्यावर आल्बुकर्कला येथील कारागिरांचे कसब इतके भावले, की त्यांनी घडवलेली बंदूक त्याने पोर्तुगालच्या राजाकडे नमुना म्हणून धाडली. पुढे पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना लागणाऱ्या पणेली येथे बंदुकीची दारू तयार करण्याचा कारखाना होता.

त्या काळी काडतूस म्हणजे कागदाची गुंडाळी असे. एका बाराला पुरेल एवढी दारू आणि एक गोळी तीत बांधलेली असे. सैनिकाने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. दारूचे माप प्रत्येक वेळी सारखे यावे, हाच या गुंडाळीचा मुख्य हेतू. १८५७च्या उठावात ज्यांच्यावरून वणवा पेटला, ती एन्फील्ड रायफलीची काडतुसेही याच प्रकारची होती. कागद दातांनी तोडण्याची रीत आणि त्यावर लावलेल्या चरबीविषयीचा संशय यांतून पुढे काय घडले, हे सर्वश्रुत आहे.

त्यानंतरच्या काही दशकांत चित्र पालटले. १८६०च्या दशकात धातूची पुंगळी असलेली काडतुसे सैन्यांत रूढ होऊ लागली. १८८४मध्ये फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू तयार केली. पुंगळी, तळाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसलेली गोळी, असे चार घटकांचे आजचे काडतूस तेव्हापासून स्थिरावले. पूर्वी सैनिकाचा हात जे काम गजाने करीत असे, ते आता कारखान्यातील यंत्र करू लागले. काम मात्र तेच राहिले: गोळी योग्य खोलीवर बसवणे आणि ती तेथून हलू न देणे.

ठासणीच्या बंदुकीचा धडा

कोकणात आणि गोव्यात अजून वापरात असलेली ठासणीची बंदूक हे सूत्र समजावून घेण्यास सर्वांत सोपी आहे. नळीच्या तोंडातून प्रथम दारू, तिच्यावर बोळा, मग गोळी किंवा छर्रे आणि शेवटी पुन्हा बोळा, असा बार भरला जातो. नळीच्या मागच्या बाजूला टोपी बसवतात. या सर्वांत महत्त्वाची क्रिया म्हणजे ठासणे.

दारू, बोळा आणि गोळी एकमेकांना टेकून बसली पाहिजेत. गोळी अर्ध्या वाटेतच अडकली आणि दारू व गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर ती गोळी नळीत अडकलेल्या अडथळ्यासारखी वागते. पेटलेल्या दारूचा वायू पोकळीतून वेगाने येऊन तिच्यावर आदळतो आणि नेमक्या त्या ठिकाणी नळी फुगू शकते किंवा फाटू शकते. अधिक दारू म्हणजे अधिक धोका, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण योग्य दारू भरूनही केवळ गोळी नीट न बसल्यामुळे नळी फुटते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

यावर जगभरचे जाणकार ठासणीवाले एक साधा उपाय वापरतात. नळी रिकामी असताना गज आत सोडून नळीच्या तोंडाशी त्यावर एक खूण करायची. नेहमीचा बार व्यवस्थित भरल्यावर गज पुन्हा टेकवून दुसरी खूण करायची. त्यानंतर प्रत्येक वेळी बार भरल्यावर गज दुसऱ्या खुणेपर्यंतच बुडाला पाहिजे. खूण नळीच्या वर राहिली, तर गोळी खाली पोहोचलेली नाही किंवा नळीत चुकून दोन बार भरले गेले आहेत. बंदूक रिकामी म्हणून बाजूला ठेवायची असेल, तेव्हा गज पहिल्या खुणेपर्यंत गेला पाहिजे. तसा तो गेला नाही, तर आत बार शिल्लक आहे. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बंदूक उचलण्यापूर्वी ही तपासणी केली, तर वाटेतले आणि ठाण्यातले अनेक संभाव्य अपघात टळतील.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठीच घडवलेली असते. आधुनिक काडतूस फोडून त्यातील धूरविरहित दारू तीत भरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. या दारूचे जळणे निराळ्या प्रकारचे असून तिचा दाब जुन्या नळीला पेलवत नाही.

एक मिलिमीटर म्हणजे किती?

आता पिस्तुलाच्या काडतुसाकडे वळू. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले ९ मिलिमीटरचे काडतूस जर्मनीतील गेओर्ग लुगर याने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तयार केले. त्याची पुंगळी अवघी १९.१५ मिलिमीटर लांब असते आणि गोळीसह पूर्ण काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर ठरलेली आहे. एवढ्याशा वस्तूतून निर्माण होणारा कमाल दाब युरोपीय मानकानुसार २,३५० बार इतका असू शकतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो.

या पुंगळीचे पोट लहान असल्यामुळे खोलीतील अल्पसा फरकही मोठा ठरतो. साधा हिशेब करून पाहू. गोळीचा व्यास ९ मिलिमीटर. म्हणजे तिच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस मिलिमीटर. गोळी एक मिलिमीटर अधिक आत गेली, तर आतली ६४ घन मिलिमीटर जागा कमी होते. गोळी बसवल्यावर पुंगळीत उरणारी जागा साधारणपणे ५०० ते ५५० घन मिलिमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरने आतल्या जागेचा आठवा भाग नाहीसा झाला.

जुन्या .३०३ रायफलीच्या काडतुसात गोळी बसल्यावरही तीन हजार घन मिलिमीटरहून अधिक जागा शिल्लक राहते. तेथे त्याच एका मिलिमीटरने जेमतेम दीड टक्क्याचा फरक पडतो. म्हणूनच रायफलीच्या काडतुसात खोलीचा प्रश्न प्रामुख्याने अचूकतेचा असतो, तर पिस्तुलाच्या काडतुसात तो सुरक्षिततेचा असतो.

जागा आठवा भाग कमी झाली म्हणून दाबही आठव्या भागानेच वाढेल, असे मात्र नाही. धूरविरहित दारू बंद जागेत जितक्या अधिक दाबाखाली जळते, तितकी ती अधिक वेगाने जळते. वेगाने जळाली की वायू लवकर साठतो, दाब आणखी वाढतो आणि जळण्याचा वेग पुन्हा चढतो. हे चक्र सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात पूर्ण होते. त्यामुळे लांबीतील किरकोळ घट दाबातील धोकादायक वाढीचे कारण ठरू शकते. पिस्तुलाची रचना हा दाब सोसू शकली नाही, तर पुंगळीचा तळ फाटतो आणि जळता वायू मॅगझिनमधून, म्हणजे थेट मुठीतून बाहेर पडतो.

कड आवळण्याचे दोन प्रकार

गोळी योग्य खोलीवर बसवणे हे निम्मे काम झाले. तिला तेथेच रोखून धरणे हे उरलेले निम्मे. कारखान्यातील यंत्र गोळी बसवण्यापूर्वी पुंगळीचे तोंड किंचित फाकवते, जेणेकरून गोळी सरळ आत जावी आणि तिचा पृष्ठभाग खरवडला जाऊ नये. गोळी बसल्यावर ते फाकलेले तोंड पुन्हा मिटवावे लागते. या क्रियेला कड आवळणे किंवा जगभर रूढ असलेल्या शब्दात ‘क्रिम्प’ करणे म्हणतात. ती दोन प्रकारांनी केली जाते आणि कोणता प्रकार वापरायचा, हे काडतूस चेंबरमध्ये कशाच्या आधाराने टेकते, यावर अवलंबून असते.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या तळाला बाहेर आलेली कड असते आणि तिच्या आधाराने ते चेंबरमध्ये टेकते. येथे पुंगळीचे तोंड आत वळवून गोळीवरच्या खाचेत रुतवले तरी चालते. किंबहुना तसे करावेच लागते. कारण रिव्हॉल्व्हर झाडले की मागे बसणाऱ्या धक्क्याने चक्रातील उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मागे खेचल्या जातात. पण त्यांतील गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. कड सैल असेल, तर त्या हळूहळू पुढे सरकतात आणि एखादी चक्राबाहेर डोकावली की चक्र फिरणेच बंद होते.

पिस्तुलात परिस्थिती नेमकी उलट असते. ९ मिलिमीटरच्या काडतुसाच्या तळाला बाहेर आलेली कड नसते. ते पुंगळीच्या तोंडाच्या काठावरच चेंबरमध्ये टेकते. तोंड आत वळवले, तर टेकायला काठच उरत नाही. काडतूस प्रमाणापेक्षा आत घुसते आणि आघाताची सुई टोपीपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून येथे तोंड वळवायचे नसते, केवळ सरळ करायचे असते. याचाही हिशेब सोपा आहे. गोळीचा व्यास ९.०३ मिलिमीटर आणि पुंगळीच्या तोंडाशी भिंतीची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर, दोन्ही बाजूंची मिळून ०.६. बेरीज ९.६३ मिलिमीटर. मानकाने तोंडाच्या व्यासाची कमाल मर्यादा ९.६५ मिलिमीटर ठेवली आहे. याचा अर्थ असा, की निर्दोष काडतुसात कड गोळीला जवळजवळ आवळतच नाही; फाकवलेले तोंड पूर्वस्थितीत आणते, एवढेच तिचे काम.

मग गोळीला धरून कोण ठेवते? पुंगळीची भिंत. गोळी बसवण्यापूर्वी पुंगळीचा आतला व्यास गोळीपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. गोळी आत गेली की पितळ ताणले जाते आणि आपल्या लवचीकपणाने तिला चहूबाजूंनी कवटाळते. ही पकड ढिली असेल, तर कड कितीही आवळली तरी उपयोग होत नाही. उलट अति आवळल्याने पकड आणखी सैल होते, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. पितळ आवळल्यावर किंचित मागे उसळते. आतले मऊ शिसे मात्र दबलेलेच राहते. दोघांच्या मध्ये सूक्ष्म फट पडते आणि गोळी पूर्वीपेक्षाही सहज सरकू लागते.

एकसारखेपणा का बिघडतो?

अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या कायदेशीरपणे घरी पुन्हा भरतात. त्यांना येणाऱ्या अडचणींतून एकसारखेपणा कशाने बिघडतो, हे चांगले कळते.

सर्वांत पहिले कारण म्हणजे पुंगळ्यांची असमान लांबी. कड आवळणारा साचा एका ठरावीक उंचीवर थांबतो. लांब पुंगळी त्यात अधिक खोल शिरते आणि अधिक आवळली जाते. आखूड पुंगळी जेमतेम स्पर्श करून परतते. निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र केल्या, तर भिंतींच्या जाडीतही फरक पडतो आणि पकड कमी-अधिक होते.

दुसरे कारण म्हणजे गोळी ढकलणाऱ्या दांड्याचा आकार. गोळीचे नाक गोल आणि दांड्याचा खळगा चपटा असेल, तर गोळी तिरकी बसते किंवा तिचे टोक दबते. शिशाच्या गोळीवरचे वंगण त्या खळग्यात साचत गेले, की दर काही काडतुसांनी खोली वाढत जाते. शिवाय गोळ्यांची टोके मुळातच एकमेकांपासून थोडी निराळी असतात. त्यामुळे टोकापासून मोजलेल्या लांबीत थोडा फरक दिसला, तरी गोळीचा तळ योग्य ठिकाणी असू शकतो. म्हणून जाणकार टोकापासूनचे माप एकट्याने ग्राह्य मानत नाहीत.

तिसरे कारण घाईचे. काही साचे गोळी बसवणे आणि कड आवळणे ही दोन्ही कामे एकाच फटक्यात करतात. गोळी अजून खाली सरकत असतानाच कड मिटू लागते आणि गोळीचा पृष्ठभाग खरवडला जातो; सोललेले शिसे वा तांब्याचा पापुद्रा तोंडाशी गोळा होतो आणि काडतूस चेंबरमध्ये अडते. दोन्ही कामे दोन निराळ्या टप्प्यांत केली, की हा दोष बव्हंशी नाहीसा होतो.

तपासणीची साधनेही साधीच आहेत. लांबी आणि तोंडाचा व्यास मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, प्रमाणित मापाचा चेंबरसारखा साचा आणि तयार काडतुसाचे टोक टेबलावर अंगठ्याने दाबून लांबी घटते का, हे पाहण्याची चाचणी. दाबल्यावर माप बदलले, तर ते काडतूस बाद. कारखान्यांत याच कसोट्या प्रत्येक खेपेतील नमुन्यांवर यंत्राने लावल्या जातात. गोळी उपसून काढण्यास किती जोर लागतो, हे मोजले जाते आणि चाचणीच्या नळीत दाब नोंदवला जातो.

पुण्याचा कारखाना आणि बाराबोर

महाराष्ट्रात काडतूसनिर्मितीची परंपरा जुनी आहे. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९मध्ये स्थापन झाला; जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६०च्या दशकातला. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी दारूगोळ्याचे कारखाने असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यातच आहे. काडतुसाच्या तळावर दिसणारी ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे म्हणजे खडकीच्या कारखान्याची खूण. बँकेच्या सुरक्षारक्षकाच्या पट्ट्यात आणि बागायतदाराच्या कपाटात असलेली बाराबोरची ‘शक्तिमान’ काडतुसे खडकीचीच.

बाराबोरमध्ये एक गोळी नसून छर्रे असतात. तरी कडेचे महत्त्व तेवढेच. या काडतुसाचे तोंड सहा किंवा आठ घड्या घालून चांदणीसारखे मिटवलेले असते. जुन्या पद्धतीत वर पुठ्ठ्याची चकती ठेवून कड आत वळवलेली असते. टोपी पेटल्यावर हे तोंड क्षणभर दम धरते. तेवढ्या अवधीत दारू पूर्णपणे पेट घेते आणि मग तोंड उघडते. घडी सैल असेल, तर दारू नीट पेटण्यापूर्वीच छर्रे सरकतात आणि बार फुसका निघतो. असा फुसका आवाज आला, तर पुढचा बार टाकण्यापूर्वी थांबणे हा जिवाचा प्रश्न आहे. कारण आतला बोळा नळीतच अडकलेला असू शकतो. बंदूक मोडून, नळीतून आरपार प्रकाश दिसतो याची खात्री करूनच पुढचे काडतूस घालावे.

जुन्या बंदुकींच्या मालकांनी आणखी एक बाब पाहिली पाहिजे. बाराबोरच्या काडतुसावर लिहिलेली लांबी, उदाहरणार्थ ७० मिलिमीटर, ही झाडून झाल्यावर, म्हणजे घड्या उलगडल्यावरची असते. मिटलेल्या स्थितीत तेच काडतूस ६० मिलिमीटरच्या आसपास भरते. साहजिकच ६५ मिलिमीटरचे चेंबर असलेल्या जुन्या बंदुकीत ते आरामात मावते आणि मालकाला सर्व ठीक असल्याचे वाटते. झाडल्यावर मात्र घड्या उलगडायला पुरेशी जागा मिळत नाही. त्या नळीच्या अरुंद भागात शिरतात, छर्ऱ्यांची वाट आक्रसते आणि दाब वाढतो. आजोबांच्या काळातील बंदुकीचे चेंबर किती लांबीचे आहे, हे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून एकदा मोजून घेणे म्हणूनच हिताचे.

नेमबाजाच्या दृष्टीने

क्रीडा नेमबाजीत सुरक्षिततेच्या जोडीला अचूकतेचा प्रश्न येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. दोन्ही प्रकारांत .२२ बोअरची छोटी काडतुसे वापरतात. त्यांची टोपी निराळी नसते. पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. त्यामुळे ती नेहमीच्या रीतीने पुन्हा भरता येत नाहीत. नेमबाजाच्या हातात राहते ती केवळ निवड. म्हणून मोठ्या स्पर्धांपूर्वी नेमबाज एकाच कारखान्याच्या अनेक खेपा आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जी खेप सर्वांत जुळते, तिचाच साठा करतात.

या निवडीचे मोल आकड्यांत पाहता येते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. सेकंदाला ३२० मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. कडेची पकड कमी-अधिक झाल्याने वेगात सेकंदाला ५ मीटरचा फरक पडला, तर गोळी सुमारे ४ मिलिमीटर वर किंवा खाली लागेल. शेवटच्या फेरीत दशांश गुणांवर पदके ठरतात, तेथे ही चूक परवडत नाही. २५ मीटर पिस्तुलाच्या अचूकता फेरीत दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते आणि तोच फरक तेथे एखाद्या मिलिमीटरचा ठरतो. म्हणून पिस्तूल नेमबाजासाठी काडतूस न अडकता चालणे अधिक महत्त्वाचे. रायफल नेमबाजासाठी प्रत्येक काडतूस दुसऱ्यासारखे असणे अधिक महत्त्वाचे.

कायदा काय सांगतो?

परदेशातील चित्रफिती पाहून घरी काडतुसे भरण्याचा मोह कोणाला होत असेल, तर त्याने शस्त्र कायदा, १९५९ वाचावा. कलम ५ नुसार शस्त्रे आणि दारूगोळा यांची निर्मिती व विक्री परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीसाठीची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढवण्यात आली आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना आणि दारूगोळा तयार करण्याचा परवाना या दोन स्वतंत्र बाबी आहेत. परवान्यावर जे स्पष्ट लिहिलेले नाही, ते करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे हाच सुरक्षित मार्ग.

तसेच शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी आहे. गवा तर पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. पिकांची हानी झाल्यास वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करणे आणि आवश्यक तेथे अधिकृत परवानगी घेणे, हाच मार्ग कायद्याने खुला ठेवलेला आहे.

परवानाधारकांनी काय पाहावे?

ज्यांनी आयुष्यात एकही काडतूस भरले नाही आणि भरणारही नाहीत, त्यांच्यासाठीही या शास्त्रातून काही सोपे नियम निघतात.

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे अनेकजण रोज रात्री ते भरतात आणि सकाळी रिकामे करतात. प्रत्येक वेळी मॅगझिनमधले सर्वांत वरचे तेच काडतूस चेंबरमध्ये जाते आणि जाताना त्याचे नाक उतरणीवर आपटते. महिन्यागणिक गोळी किंचित आत सरकत जाते. यासाठी चेंबरमध्ये जाऊन आलेले काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे करून उंची पडताळावी. डोळ्यांना फरक दिसला तरी ते पुन्हा वापरू नये. तेच काडतूस वारंवार वर न ठेवता क्रम बदलत राहावा.

गोव्याच्या पावसाळ्यात काडतुसांची साठवण काळजीपूर्वक केली पाहिजे. कपाटात चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या पितळेवर हिरवट थर चढतो. जुन्या कागदी पुंगळ्या दमटपणाने फुगतात आणि त्यांची कड सैल पडते. अशी काडतुसे, तसेच चेपलेली, गोळी हाताने फिरणारी किंवा तोंडाशी भेग पडलेली काडतुसे बाजूला काढावीत. ती घरी फोडू नयेत, जाळू नयेत, विहिरीत वा नदीत टाकू नयेत. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावीत.

काडतुसे नेहमी परवानाधारक दुकानातून, सीलबंद खोक्यात आणि पावतीसह घ्यावीत. खोक्यावरचा खेप क्रमांक जपून ठेवावा. एखादे काडतूस सदोष निघाले, तर त्या खेपेतील उरलेली ओळखता येतात. कोणी ‘घरी भरलेली, स्वस्तातली’ काडतुसे देऊ केली, तर ती घेऊ नयेत. त्यांतील गोळी किती खोल गेली आहे आणि कड किती आवळली आहे, हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. ते कळते तेव्हा बंदूक खांद्याला लावलेली असते आणि चेहरा नळीपासून वीतभर अंतरावर असतो.